सख्खे, उसने आणि अनोळखी : आखूड शब्दांच्या प्रदर्शनाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२५

हे काम आज सातवीच्या वर्गात घडलेल्या एका प्रसंगातून सुरू होतंय, म्हणून पहिली नोंद त्याचीच. आमची शाळा गोव्याच्या हद्दीजवळ. यंदा गोव्याहून आलेली एक मुलगी वर्गात आहे, घरी कोंकणी बोलतात. पालकसभेच्या चिठ्ठीवर सही का नाही, असं विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "म्हजो पाय घरा ना." वर्ग खो खो हसला. पाय घरी ठेवून शाळेत आली म्हणे! तिचा चेहरा एवढासा झाला.

तिच्या घरी वडिलांना 'पाय' म्हणतात. पोर्तुगीज शब्द आहे, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत रुळलेला. मी तो फळ्यावर लिहून अर्थ सांगितला. वर्ग गप्प झाला, पण माझं समाधान झालं नाही. एकच रूप आणि दोन अर्थ दिसले की हसू येण्याऐवजी कुतूहल वाटलं पाहिजे, आणि ते मी सांगून वाटणार नाही. मुलांनी स्वतः शोधलं तरच वाटेल.

संध्याकाळी मुख्याध्यापकांशी बोलले. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांची जयंती. दरवर्षी ग्रंथदिंडी आणि कवितावाचन असतंच. यंदा त्यासोबत वाचनालयाच्या पडवीत शब्दांचं प्रदर्शन: वेगवेगळ्या भाषांत सारखे दिसणारे आखूड शब्द. परवानगी मिळाली. हातात साडेअकरा आठवडे.

११ डिसेंबर

गट ठरला. सातवी-आठवीची बारा मुलं, त्यात ती मुलगीही. तिने स्वतःहून नाव दिलं, याचा फार आनंद झाला.

नियम असे. शब्द जास्तीत जास्त दोन अक्षरांचा. कार्डाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात फक्त शब्द. मागच्या बाजूला भाषा, अर्थ आणि सापडेल तेवढं जुनं रूप. कडेला रंगाची पट्टी: एकाच पूर्वजापासून उतरलेले शब्द म्हणजे 'सख्खे', त्यांना हिरवी. एका भाषेने दुसरीकडून घेतलेले ते 'उसने', पिवळी. नुसते सारखे दिसणारे ते 'अनोळखी', पांढरी. जुनं रूप मिळाल्याशिवाय कोणतीही पट्टी चिकटवायची नाही, हा सर्वांत कडक नियम.

वाचनालयात मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेली प्रत आहे. त्यात शब्दापुढे मूळ भाषेचं अक्षर असतं. मुलांना ते शोधायला शिकवलं. अर्ध्या तासात त्यांना कळलं की आपण रोज बोलतो त्यातले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून आलेत. 'जमीन', 'हवा', 'जागा' हेही तसलेच, हे ऐकून दोघा-तिघांनी पुन्हा पुन्हा तपासलं.

१८ डिसेंबर

पहिला शब्द 'पाव'. सोपा वाटला होता, पण आठवडा खाल्ला.

मराठीत तीन पाव आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पावकिलोतला पाव संस्कृत 'पाद'वरून आला. पाद म्हणजे पाय. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चरणातही तोच हिशेब. 'सपाद'चा सव्वा झाला, म्हणजे पावासकट. 'पादोन'चा पाऊण झाला, म्हणजे पाव कमी. लहानपणी सवायकी-पाऊणकी घोकली ती असल्या जुन्या संस्कृत शब्दांचीच, हे मला स्वतःला या कामापर्यंत नीट उमगलं नव्हतं.

देव पावला, पत्र पावलं, यातला पाव 'प्राप्'वरून. दुकानदार देतो ती पावती याच घरातली.

तिसरा बेकरीतला. आठवीतला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "बाई, पूर्वी कणीक पायांनी मळायचे म्हणून पाव." ही गोष्ट मीही लहानपणी ऐकली होती, आणि ती अजून सगळीकडे सांगितली जाते. चूक आहे. पोर्तुगीजमध्ये ब्रेडला नाकातून उच्चारलेला 'पांव'सारखा शब्द आहे, तो लॅटिन 'पानिस'वरून. नुसतं चूक म्हणून भागणार नव्हतं, पुरावा दाखवायला हवा होता. तो जपानमध्ये मिळाला. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात स्थिरावले आणि १५४३ मध्ये जपानला पोचले. जपानी भाषेत आजही ब्रेडला 'पान' म्हणतात. जपानीत पायाला पाय म्हणत नाहीत, तेव्हा तिथे हा शब्द पायांवरून तयार होण्याचा प्रश्नच नाही. एकच जहाजवाले दोन्हीकडे एकच वस्तू आणि तिचं नाव घेऊन गेले. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आपण आणि जपानी एकाच बेकरीचे." हे वाक्य मी कार्डावर तसंच लिहून घेतलं.

गोव्यात पाव विकणारा तो पोदेर, हाही पोर्तुगीजच शब्द. आणि 'कंपनी'मध्येसुद्धा लॅटिन पानिस लपलेला आहे: एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, त्यांची ती कंपनी.

उलट बाजूचं एक उदाहरण इथे नोंदवून ठेवते, शब्द लांब असल्याने कार्ड होणार नाही. जपानीत आभार मानताना 'आरिगातो' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'ओब्रिगादो'. पान आला तसा हाही आला असेल, असं कुणालाही वाटेल. पण आरिगातो 'आरि-गाताशी'वरून आहे, अर्थ 'असणं अवघड', म्हणजे दुर्मीळ. पोर्तुगीज तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तो जपानीत आहे. त्याच दोन भाषा, एक शब्द उसना आणि दुसरा अनोळखी.

२३ डिसेंबर

आज 'दार'. एका शब्दाभोवती इतके पाहुणे गोळा होतील असं वाटलं नव्हतं.

आपलं दार 'द्वार'वरून. फारसी 'दर', इंग्रजी 'डोअर', जर्मन 'ट्यूर', रशियन 'द्वेर', ग्रीक 'थुरा', सगळे सख्खे. हिरव्या पट्ट्या संपत आल्या. दरवाजा आणि दरवान यांतला दर फारसीतून आलेला, म्हणजे आपल्या दाराचा चुलतभाऊच आपल्याच घरात वेगळ्या वाटेने आला.

यात एक गाठ आहे, मोठ्या मुलांना समजावली. ग्रीक 'थ' आणि जर्मनिक, म्हणजे इंग्रजीच्या घराण्यातला, 'ड' यांच्या समोर संस्कृतात 'ध' अपेक्षित आहे, म्हणजे 'ध्वार' हवं होतं. मिळतं ते 'द्वार'. 'द्वि' म्हणजे दोन, या शब्दाच्या ओढीने ध चा द झाला असावा, कारण दाराला दोन फळ्या, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते फार आवडलं. नियमाने चालणारा शब्द शेजारच्या शब्दाचा हात धरून थोडा बाजूला सरकला.

जमीनदार, किल्लेदार, दुकानदार यांतला दार मात्र दरवाजाचा नव्हे. तो फारसीत 'धरणारा, बाळगणारा' या अर्थाचा आणि संस्कृत 'धृ'चा नातेवाईक. देवदार झाडातला दार 'दारु' म्हणजे लाकूड, इंग्रजी 'ट्री' त्याच घरातला. फारसीत दार म्हणजे फाशीचा खांब, तोही याच लाकडाचा. रशियन 'दार' म्हणजे भेट, आपल्या 'दान'चा सख्खा. आणि अरबी 'दार' म्हणजे घर. टांझानियातल्या दार-एस-सलाम शहराच्या नावात तो बसलेला आहे. अरबी वेगळ्या कुळातली भाषा, तेव्हा त्याला पांढरी पट्टी. दार आणि घर इतके जवळचे अर्थ असूनही पांढरी. इथे मुलांनी वाद घातला: "बाई, घराला दार असतंच ना?" असतं. पण अर्थ जवळचा आणि आवाज तोच, एवढ्यावर नातं ठरत नाही.

तर्कटासारखी एक खूण आज सापडली: खरे सख्खे बहुधा थोडे वेगळे दिसतात, आणि हुबेहूब दिसणाऱ्याकडे जरा संशयाने पाहावं. पुढे किती टिकते ते बघू.

२ जानेवारी २०२६

चूक दुरुस्त करायची आहे, माझी. सुट्टीत मी घरी 'बद' या शब्दाचं कार्ड करून हिरवी पट्टी लावली होती. बदनाम, बदलौकिक, बदफैली यांतला फारसी 'बद', अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड', अर्थ वाईट. फारसी आणि इंग्रजी एकाच कुळातल्या, तेव्हा सख्खेच असणार, असं धरून मी जुनं रूप न तपासता पुढे गेले. आमचाच नियम मी मोडला.

जुनं रूप पाहिल्यावर कळलं की मध्ययुगीन फारसीत हा शब्द 'वद' होता. व चा ब नंतर झाला. इंग्रजी 'बॅड' तेराव्या शतकाच्या आसपास दिसायला लागतो आणि त्याचा या 'वद'शी सांधा जुळत नाही. मागे जाल तसे सख्खे शब्द जवळ यायला हवेत, हे दोघे मागे जाताना लांब जातात. हिरवी पट्टी खरवडून पांढरी लावली आणि कार्डाचा कोपरा फाटलेला तसाच ठेवला. मुलांना दाखवलं की बाईंचंही चुकलं होतं आणि कुठल्या पायरीवर चुकलं.

याच वर्गात 'देव'चं कार्डही बदललं. लॅटिन 'देउस' आपल्या देवाचा सख्खा, ते बरोबर. पण एका मुलीने ग्रीक 'थेऑस'ही हिरव्या ओळीत टांगला होता. अर्थ देव, रूप देउससारखं, तरी मूळ वेगळं. ग्रीकमधला आपल्या देवाचा खरा नातेवाईक 'झेउस'. आणि फारसीत 'दीव' म्हणजे राक्षस. तोही देवाचा सख्खाच, पण अर्थ उलटा झालेला. सारख्या अर्थाचा परका निघाला आणि उलट्या अर्थाचा घरचा, यावर मुलं खूप वेळ बोलत राहिली.

मग त्यांना ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. क्वीन्सलंडमध्ये म्बाबारम नावाची भाषा होती. १९६० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ डिक्सन तिच्या शेवटच्या जाणकारांपैकी एक असलेल्या अल्बर्ट बेनेट यांच्याकडे गेले. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर उत्तर आलं 'डॉग'. इंग्रजी शब्द नव्हे, त्यांच्याच भाषेतला. शेजारच्या यिदिन भाषेत कुत्र्याला 'गुदग' म्हणतात. म्बाबारममध्ये शब्दांची पहिली अक्षरं झिजून गेली आणि स्वर बदलले, तसाच हाही झिजत झिजत 'डॉग' झाला. इंग्रजी डॉगशी शून्य संबंध. आवाज तोच, अर्थ तोच, दोन खंडांत.

९ जानेवारी

गणिताच्या सरांना बोलावलं होतं. मुलांचा प्रश्न होता: योगायोग इतके होतातच कसे?

सरांनी फळ्यावर मांडलं. कानाला जवळची वाटणारी व्यंजनं एकत्र धरून दहा गट करा. स्वर पाच. 'दार'सारखा शब्द म्हणजे व्यंजन, स्वर, व्यंजन. दहा गुणिले पाच गुणिले दहा, एकूण ५०० साचे. आता दोन पूर्ण परक्या भाषा घ्या आणि एकेक अर्थ घेऊन शब्द ताडून पाहा. एखाद्या अर्थाला दोघींचा साचा एकच निघण्याची शक्यता पाचशेत एक. हजार अर्थ तपासले तर सरासरी दोन जुळणार. 'मी', 'ना' असे नुसते व्यंजन-स्वराचे शब्द घेतले तर साचे फक्त ५०, मग हजारात वीस. आणि भाषा दोनच कशाला? चाळीस घेतल्या तर त्यांच्या जोड्या ७८०. प्रत्येक जोडीत दोन धरले तरी १५६० योगायोग.

सरांनी हेही सांगितलं की हा हिशेब सगळे आवाज सारख्याच वेळा येतात असं धरून केलाय. प्रत्यक्षात म, न, क, त जास्त येतात, त्यामुळे जुळण्या वाढतात. अर्थ सैल केला, दार-घर चालेल म्हटलं, की आणखी वाढतात.

मला हा तास सगळ्या कामात मोलाचा वाटला. हा हिशेब कळल्यावर 'अमुक देशातला शब्द आपल्यासारखाच आहे, म्हणजे ते मूळचे आपलेच' असले फिरणारे संदेश मुलं वेगळ्या नजरेने वाचतील. भाषेवर प्रेम करायला खोट्या नात्यांची गरज नाही. मराठीची खरी नाती आइसलंडपर्यंत पसरलेली आहेत, ती सांगायलाच दिवस पुरत नाहीत.

१६ जानेवारी

आज सर्वांत गजबजलेला गट: घरातली माणसं. इथे आमच्या तीनही पट्ट्या हरल्या.

आपला मामा आईचा भाऊ. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील, आणि आई म्हणजे 'देदा'. आपला दादा मोठा भाऊ, बंगालीतही तसंच, हिंदीत दादा वडिलांचे वडील. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण, आणि 'काका' म्हणजे भाऊ! बल्गेरियनमध्ये 'काका' मोठी बहीण. 'बाबा' तुर्कीत वडील, स्वाहिलीतही वडील, रशियनमध्ये मात्र बाई, तीही म्हातारी किंवा खेडवळ. आमचे तात्या आहेत, संस्कृतात 'तात' वडील, चेक भाषेत 'ताता' वडील, कन्नड-तेलुगूत 'तात' आजोबा.

यांना अनोळखी म्हणावं तर एवढे योगायोग हिशेबात बसत नाहीत. सख्खे म्हणावं तर जॉर्जियन, तुर्की, स्वाहिली वेगवेगळ्या कुळांतल्या. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने याच प्रश्नावर लिहिलं आहे. मर्डॉक या मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आई आणि वडील यांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते, याकोबसनने ते आधाराला घेतले. आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म-न सारखं नाकातलं व्यंजन, वडिलांच्या शब्दांत ते फक्त १५ टक्के. कारण तान्ह्या बाळाच्या तोंडात आहे. ओठ मिटून उघडले की म, प, ब आपोआप निघतात, सोबत तोंडभर उघडा आ. आणि दूध पिताना तोंड गुंतलेलं, तेव्हा आवाज नाकातून येतो: म्म्म. बाळ कुणाचं नाव घेत नसतंच. जो आवाज निघतो तो घरातली मोठी माणसं आपापल्या नावाने वाटून घेतात. कुठे मामा आईला मिळतो, कुठे आईच्या भावाला, तर जॉर्जियात बापाला.

आठवीतल्या एका मुलीच्या घरी सात महिन्यांचा भाऊ आहे. तिने आठवडाभर ऐकून वहीत लिहून आणलं: बाबाबा, मम, ददद. मोठ्या काळजीने लिहिलंय, वेळेसकट. ते पान तसंच प्रदर्शनात लावणार.

निर्णय: चौथी पट्टी निळी. नाव मुलांनी दिलं, 'पाळण्यातले'.

२२ जानेवारी

निळ्या गटात आज भर, फक्त एका कार्डाची. जपानीत आई म्हणजे 'हाहा' आणि वडील म्हणजे 'चिची'. आईच्या शब्दात म नाही, न नाही, ओठही लागत नाहीत. आमच्या नव्या पट्टीला हा अपवाद वाटत होता.

१५१६ चा एक जपानी कोड्यांचा संग्रह आहे, पुढे सम्राट झालेल्या गोनाराच्या नावावर. त्यात एक कोडं: आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही, ते काय? उत्तर: ओठ. आज 'हाहा' म्हणताना ओठ भेटतच नाहीत, मग हे उत्तर बरोबर कसं? कारण त्या काळी उच्चार 'फाफा' असा होता, दोन्ही ओठ जवळ आणून फुंकर मारल्यासारखा. त्याही आधी तिथे प होता असं मानतात. म्हणजे जपानी आई एके काळी 'पापा' होती, ओठ दोनदा मिटणारी. अपवाद राहिला नाही.

मुलांना उत्तर न सांगता आरसे दिले आणि दोन्ही शब्द म्हणायला लावले. पहिल्यांदा कुणाला जमलं नाही. 'फाफा' म्हणून बघा म्हटल्यावर मागच्या बाकावरून ओरड आली, "ओठ!" पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार एका कोड्यात जपून राहिला होता आणि तो आमच्या वर्गात आरशात दिसला. अंगावर काटा आला.

२९ जानेवारी

'बस'. शाळेसमोर एसटीचा थांबा आहे, म्हणून हा शब्द मुलांनीच सुचवला.

बस म्हणजे खाली बस: 'उपविश्', मग बैस, मग बस. बस म्हणजे पुरे: फारसी. बस म्हणजे गाडी: लॅटिन 'ओम्निबुस', अर्थ 'सर्वांसाठी'. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नाँत शहरात भाडं देईल त्याला बसवून नेणाऱ्या घोडागाड्या निघाल्या, त्यांना हे नाव पडलं. १८२९ मध्ये लंडनला शिलिबियरने तशी गाडी सुरू केली. पुढे नावाचं डोकं गळून नुसती शेपटी उरली. मूळ अर्थ सांगणारा भाग 'ओम्नि', तो गेला. 'बुस' हा केवळ विभक्तीचा प्रत्यय, 'साठी' दाखवणारा. म्हणजे आपण 'एसटीची साठी आली' असं म्हणतो!

याच्या पुढची गोष्ट मात्र संस्कृत शिकणाऱ्या मुलांसाठी खास. लॅटिनचा हा 'बुस' आणि चतुर्थीच्या अनेकवचनाचा आपला 'भ्यः' एकाच कुळातले. रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः. नववीतल्या मुलांनी हे रूप पाठ केलंय ते गुणांसाठी. आज थांब्यावर उभं राहून आम्ही येणाऱ्या गाडीकडे बघत 'रामेभ्यः' म्हटलं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हाही तिच्या नावात हा प्रत्यय होताच.

'बस'च्या तीन कार्डांत एकही हिरवी पट्टी नाही. भ्यःचं कार्ड नियमाबाहेरचं आहे, तो शब्दच नाही, तरी लावणार. हिरवी पट्टी त्याला.

३ फेब्रुवारी

वेळ कमी आहे, आजची कार्डं भराभर.

काम: धंद्याचं काम 'कर्म'वरून, प्राकृत 'कम्म' मधून. इच्छा या अर्थाचा काम वेगळा, फारसी 'काम'ही इच्छाच, तो या दुसऱ्याचा सख्खा. आम: हिंदीतला आंबा 'आम्र'वरून, दिवाण-ए-आम मधला अरबी, अर्थ सर्वसाधारण, आणि आमवातातला संस्कृत, अर्थ कच्चं, न पचलेलं. ग्रीक 'ओमॉस' म्हणजेही कच्चं, हिरवी पट्टी. पान: आपलं झाडाचं 'पर्ण'वरून, धूम्रपानातलं 'पा' म्हणजे पिणे यावरून, जपानी आणि स्पॅनिश पान म्हणजे ब्रेड, पोलिश 'पान' म्हणजे साहेब, ग्रीक 'पान' म्हणजे सगळं.

'ना'चं कार्ड ऐन वेळी वाढलं. ग्रीक 'ने' म्हणजे हो. कोरियन 'ने' म्हणजेही हो. आणि जवळजवळ अर्ध्या युरोपात न म्हणजे नाही. ग्रीसला गेलात तर सांभाळा, असं एका मुलाने खाली लिहिलं.

१० फेब्रुवारी

आतापर्यंत सारखे दिसणारे. पण न दिसणाऱ्या सख्ख्यांशिवाय प्रदर्शन अर्धवट राहील, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. आज एक दोरी त्यांच्यासाठी बांधली.

पिता–फादर. पाद–फूट. पंच–फाइव्ह. पूर्ण–फुल. मुलांना फक्त या चार जोड्या दिल्या आणि काय दिसतं ते विचारलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: प चा फ होतो. एकदा नाही, दरवेळी. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. हीच नात्याची खरी परीक्षा आहे: एका शब्दाचं साम्य काही सांगत नाही, बदलांची ओळच्या ओळ जुळली तर सांगते. आर्मेनियनमध्ये दोनला 'एर्कु' म्हणतात. 'द्वौ'शी एक आवाज जुळत नाही. पण शब्दाच्या सुरुवातीचा मूळ 'द्व' त्या भाषेत 'एर्क' होतो, हे फ्रेंच अभ्यासक मेये यांनी इतर शब्दांवरूनही दाखवलं. हिरवी पट्टी, बिनशर्त.

मग त्या मुलीने विचारलं, "बाई, मग माझा पाय?" मी याचीच वाट पाहत होते. पोर्तुगीज 'पाय' म्हणजे वडील, तो लॅटिन 'पातेर'वरून, मधे 'पाद्रे' होऊन झिजलेला. पातेर आणि आपला पिता सख्खे. आपला पाय 'पाद'वरून. दोन्ही शब्द जुने, दोन्ही प ने सुरू होणारे, दोघांच्या मधला त आणि द गळून दोघेही 'पाय' झाले. एक लिस्बनला झिजला, दुसरा इकडे. त्यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता, शेवटी गोव्यात भेटले.

तिच्या पोर्तुगीज शब्दांच्या यादीत 'मांय' म्हणजे आई असाही शब्द होता. तो 'मातेर'वरून, आणि मराठी 'माय' 'माता'वरून. तिथेही मधला त गळला, इथेही. पण इथे मूळच एक, म्हणून हिरवी पट्टी. दोन जोड्या, एकाच तऱ्हेने झिजलेल्या. एक अनोळखी, एक सख्खी. नुसतं बघून कुणी सांगून दाखवावं! ही दोन कार्डं शेजारी शेजारी, पडवीच्या दाराशी लावायची असं सगळ्यांनी ठरवलं.

२४ फेब्रुवारी

एकूण कार्डं १३८. सर्वांत जास्त पांढरी, मग पिवळी, मग हिरवी, निळी सर्वांत कमी. अकरा कार्डं बाहेर ठेवली, त्यांचं जुनं रूप शेवटपर्यंत हाती लागलं नाही. मुलांना ती टांगायचीच होती, सुंदर सजवली आहेत. पण नियम तो नियम. ती एका पाकिटात घालून कपाटात ठेवली, पुढच्या वर्षीच्या गटासाठी.

दोऱ्या सुंभाच्या, चिमटे कपड्यांचे. मागची बाजू वाचायला कार्ड उलटावं लागतं, तेव्हा लहानांच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर बांधल्या.

२७ फेब्रुवारी

ग्रंथदिंडीनंतर दहा वाजता पडवी उघडली. गर्दी 'मामा'पाशी आणि आरशांपाशी. पाचवीतली मुलं एकमेकांना 'हाहा-फाफा' करत होती. गावातले एक आजोबा 'पाव'पाशी बराच वेळ उभे होते. ते म्हणाले, "ह्या पायांनी मळूचा मी नातवाक सांगललंय. आता परत सांगूक होया."

दुपारी त्या मुलीचे वडील आले, कामावरून थेट. दाराशी 'पाय'ची दोन कार्डं होती. त्यांनी दोन्ही उलटून वाचली, पुन्हा पुढची बाजू पाहिली आणि मुलीला काहीतरी हळूच म्हणाले. ती माझ्याकडे आली. "बाई, पाय म्हणतात, हे शब्द सारखे नाहीतच."

मी जवळ गेले. ते म्हणाले, "बाई, बापायक आमी म्हणटात पाय. आनी हांकां," स्वतःच्या पावलांकडे बोट दाखवून, "पांय." दुसरा शब्द नाकातून. दोनदा म्हणून दाखवला. कोंकणी कानाला ते पहिल्यापासून दोन वेगळे शब्द आहेत. वर्गात हसणाऱ्यांना, आणि मलाही, ते एकच ऐकू आले होते, कारण आमच्या मराठीत पायाला अनुस्वार नाही. अडीच महिने मी ज्या जोडीवरून काम उभं केलं, ती तिच्या घरात जोडीच नव्हती.

कार्ड लगेच उतरवलं. मुलीनेच नवं लिहिलं: पुढे 'पाय' आणि 'पांय' वेगवेगळ्या ओळींत, मागे कुठल्या भाषेत काय ते. वडिलांनी अनुस्वाराचा ठिपका थोडा मोठा करायला सांगितला, लांबून दिसला पाहिजे म्हणून. तिने लाल पेनने तो पुन्हा गिरवला आणि कार्ड दोरीला लावलं.